भिंग चुकत नाही

चष्म्याच्या त्या दुकानात शिरलेल्या माणसाचे डोळे आधी तपासले जाणार की त्याला आधी नगरपालिकेची निंदा ऐकावी लागणार, हे भिंगोजीच्या हाताला काय आधी लागलं यावर असे. तपासणीची जड फ्रेम लागली तर डोळे, वर्तमानपत्र लागलं तर नगरपालिका. बहुतेक वेळा दोन्ही एकदमच चाले. गिऱ्हाईक नाकावर ती लोखंडी फ्रेम घेऊन हनुवटी वर करून बसलेलं, समोर आकड्यांचा तक्ता, आणि एकेक काच घालत-काढत भिंगोजी त्याला गटारांबद्दल सांगतोय. पळून जायची सोय नव्हती. ती फ्रेम नाकावर असताना दोन पावलांवरचं दारही धड दिसत नाही.

भिंगोजी हे नाव गल्लीनं ठेवलेलं. त्यालाही ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकतीस वर्षं तो काचा घासत होता आणि नाकावर माशी बसू देत नव्हता. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात यंत्रानं डोळे तपासत, त्या यंत्राला तो फोटो काढायचा डबा म्हणे. फुटपाथवर तयार चष्मे विकणाऱ्याला तो माणसांत धरत नसे. डॉक्टरनं लिहून दिलेला नंबरसुद्धा स्वतः पुन्हा तपासून मगच खरा मानी. त्याचं काम खरोखर चांगलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. फक्त ते त्याला पहिल्याच वर्षी कळलं आणि पुढची तीस वर्षं तो ते एक दिवसही विसरला नाही.

नवा चष्मा नेलेलं गिऱ्हाईक चार दिवसांनी कुरकुरत परत आलं, डोकं दुखतंय, जिन्याच्या पायऱ्या तिरक्या दिसतायत म्हणालं, की भिंगोजी तो चष्मा हातातही घेत नसे. "सवय होईल," तो म्हणे. "डोळे चुकतात, भिंग चुकत नाही." गिऱ्हाईक निघून जाई. काहींना सवय होई, काही दुसरं दुकान धरत. भिंगोजीच्या लेखी दोन्ही सारखेच, कारण कुरकुर दोघांचीही थांबे. काउंटरच्या टोकाला त्याची बायको बसे. फ्रेमा पुसणं, डब्यांवर नावं चिकटवणं, आल्यागेल्याशी दोन शब्द बोलणं ही कामं तिची. मधूनमधून ती मान खाली घालून एका वहीत काहीतरी लिही. वाणसामानाची यादी असेल, असं भिंगोजीनं ठरवून टाकलं होतं.

अशा माणसाला नगरपालिकेनं दंडाची नोटीस धाडली.

नोटीस अशी की, मंगळवारी सकाळी अकरा वाजता दवाखान्याच्या फाटकासमोर, गाडी उभी करायला मनाई असलेल्या जागी, चार-तीन-तीन-आठ नंबरची गाडी उभी होती, सबब मालकानं पंधरा दिवसांत दंड भरावा. नंबर भिंगोजीच्या जुन्या हिरव्या गाडीचाच होता. पण त्या मंगळवारी ती गाडी गॅरेजमध्ये चार ठोकळ्यांवर बसलेली होती आणि तिची चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली होती. चाकांशिवाय गाडी दवाखान्यापर्यंत कशी गेली, हे विचारायला भिंगोजी नगरपालिकेत गेला. खिडकीतल्या कारकुनाला त्या प्रश्नात रस नव्हता. नंबर तुमचाच आहे ना, एवढंच त्यानं विचारलं. नंबर माझा आहे, पण गाडी माझी नव्हती, असं भिंगोजीनं सांगितलं. मग तक्रार लिहून द्या, तीन प्रतींत, असं म्हणून कारकुनानं खिडकी लावली आणि तो चहाला गेला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं पुटपुटत भिंगोजी घरी आला. पण नुसतं पुटपुटून गप्प बसणारा तो नव्हता. दोन दिवस सकाळी दुकान बायकोवर टाकून तो दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला एक करडी गाडी आली, ऐटीत मनाईच्या पाटीखालीच उभी राहिली, आणि तिचा नंबर होता चार-आठ-तीन-आठ. भिंगोजीला इतका आनंद झाला की त्यानं त्या गाडीच्या मालकाला नमस्कार केला. सगळा उलगडा झाला होता. पावती लिहिणाऱ्यानं आठाला तीन वाचलं होतं. ज्याला आठ आणि तीन यांतला फरक दिसत नाही, असा माणूस नगरपालिकेनं रस्त्यावर नंबर वाचायला उभा केला होता. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे त्यानं त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं.

पहिली तक्रार चार पानांची झाली. तिला गॅरेजवाल्याचं पत्र जोडलं होतं. महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं: गॅरेजवाल्याचं पत्र ग्राह्य धरता येत नाही, आणि चौकशीअंती आपल्या तक्रारीत तथ्य आढळून आलं नाही. भिंगोजीनं तो कागद दुकानभर नाचवला. चौकशी केली कुणी, त्यानं छताला विचारलं. गॅरेजमध्ये कुणी आलं नाही, गाडी कुणी पाहिली नाही, मला काही विचारलं नाही. माणूस तक्रार घेऊन येतो आणि हे लोक ढुंकूनही न बघता म्हणतात, तथ्य नाही. बायकोनं मान वर करून नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा फ्रेम पुसायला घेतली.

दुसरी तक्रार त्यानं रक्त आटवून लिहिली. तीत मागणी एकच होती, की पावती लिहिणाऱ्या इसमाचे डोळे सर्वांसमक्ष तपासावेत. कागद पाठवण्याआधी त्यानं ती तक्रार तीन गिऱ्हाइकांना वाचून दाखवली. एकाच्या नाकावर तपासणीची फ्रेम होती. दुसरी एक म्हातारी फ्रेमचा स्क्रू बसवून घ्यायला आली होती. तिसरा बाकावर टेकलेला एक सडपातळ माणूस, गोल चष्म्याचा, पन्नाशीचा. हा दुसऱ्यांदा आला होता. नवा चष्मा घातल्यापासून संध्याकाळी कपाळ ठणकतं, असं तो पहिल्या खेपेला म्हणाला होता, आणि सवय होईल हे उत्तर घेऊन गेला होता. बायकोनं या वेळी भिंगोजीला हळूच सुचवलं, की एकदा बघा तरी. भिंगोजीनं हातानंच तिला थांबवलं, कारण तो तक्रारीतल्या सर्वांत चांगल्या वाक्यापाशी आला होता: 'सदर इसम एकतर आंधळा आहे, किंवा आंधळ्याचं सोंग घेऊन पगार खात आहे.' सडपातळ माणसानं काहीतरी बोलायला दोनदा तोंड उघडलं. मग तो उठला, बायकोला हळूच 'येतो' म्हणाला आणि गेला. भिंगोजीला माणसं तोंडावरून ओळखू येत नसत, ती त्याला चष्म्याच्या नंबरावरून कळत. आणि या माणसाच्या चष्म्याकडे तर त्यानं पाहिलंच नव्हतं.

नगरपालिकेनं सुनावणी ठेवली, याचं श्रेय भिंगोजीच्या वाक्यांना होतं की त्याच्या चिकाटीला, कोण जाणे. कदाचित तिसरं पत्र वाचण्यापेक्षा माणसाला एकदा बोलावून घेतलेलं बरं, असं कुणाला वाटलं असेल. त्या दिवशी भिंगोजी इस्त्रीचा सदरा घालून, आकड्यांच्या तक्त्याची गुंडाळी काखेत मारून, दुरुस्त झालेल्या हिरव्या गाडीतून निघाला. नगरपालिकेच्या दारात जागा मिळाली तिथे त्यानं गाडी लावली आणि जिना चढला. वर एका लांबट खोलीत फायलींची कपाटं होती, एक टेबल होतं, आणि टेबलामागे सुनावणीच्या बाई बसल्या होत्या. त्या भराभर बोलत आणि बोलताना मान वर करत नसत. भिंतीशी गणवेशातला पावतीवाला टोपी हातात धरून उभा होता. भिंगोजीनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं, तेही गिऱ्हाईक पैसे बुडवणार हे ठरवून पाहावं तसं.

भिंगोजीनं मागितल्याप्रमाणे डोळे तपासायला बाईंनी हरकत घेतली नाही. मग त्याचा थाट सुरू झाला. नगरपालिकेचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून त्यानं तिथे आपला तक्ता टांगला. सहा मीटर अंतर हवं, खोली चारच मीटरची, म्हणून पावतीवाल्याची खुर्ची दाराबाहेर गॅलरीत नेऊन ठेवायला लावली. येणारेजाणारे वळून बघू लागले. पावतीवाल्यानं वरच्या दोन ओळी बरोबर वाचल्या. तिसऱ्या ओळीपासून त्यानं मान तिरकी केली, डोळे बारीक केले, आणि आठाचे तीन, सहाचे शून्य होऊ लागले. चौथ्या ओळीला तो थांबलाच. बाईंनी प्रत्येक चूक कागदावर लिहून घेतली. भिंगोजी खुर्चीवर मागे रेलून बसला होता. एकतीस वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नसेल.

एवढ्यावर तो थांबता तर ही गोष्ट इथेच संपती आणि तो आयुष्यभर ती फुशारकीनं सांगता. पण हात दाखवून अवलक्षण करून घेण्याची खोड जाते कुठे. तुमचा चष्मा बघू, असं म्हणून त्यानं पावतीवाल्याच्या नाकावरून चष्मा उचललाच. खिडकीकडे तोंड करून तो हातभर अंतरावर धरला आणि गजांची चौकट काचेतून पाहत हळूहळू फिरवला. उभा गज तिरका झाला. दुसऱ्या काचेतून पाहिलं, तिथे तो उलट बाजूला तिरका झाला. नंबर कुणाचा काय असेल ते असो, पण काचा एकमेकींच्या जागी बसल्या आहेत, हे कुठल्याही शिकाऊ माणसाला दिसलं असतं. गोल फ्रेमच्या कामात हाच एक धोका. इतर आकाराची काच चुकीच्या बाजूला बसायलाच नकार देते, गोल काच मुकाट बसते. फ्रेम पालथी घालून काचा चढवताना डावंउजवं उलटं होतं, तेव्हा हाताला भान ठेवावं लागतं.

"बघा बाई," भिंगोजी सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "उजवीकडची काच डावीकडे आणि डावीकडची उजवीकडे. ज्यानं हा चष्मा केला ना, त्याला खिडकीच्या तावदानालासुद्धा हात लावू देऊ नये. फुटपाथवरून घेतलेला दिसतोय."

आणि बोलता बोलता त्यानं काडी उलटी केली. काडीच्या आतल्या बाजूला, कानाजवळ, सुईनं ओढलेली एक बारीक फुली होती. त्याच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चष्म्यावर तशी फुली असे. ती फुली तो स्वतः ओढी, दुसऱ्या कुणाला ओढू देत नसे.

त्याला तो दिवसही आठवला. त्या दिवशी गटार खणलेलं होतं, दाराशी चिखल होता, आणि काउंटरवर पालथी फ्रेम ठेवून तो समोरच्या कुणाला तरी नगरपालिकेचा उद्धार ऐकवत होता. हात आपले चालू होते.

बाईंनी या वेळी मान वर केली. चष्म्याचाच दोष असेल तर तशी नोंद घेता येईल, त्या पावतीवाल्याला म्हणाल्या, चष्मा कुठल्या दुकानातून केलात ते सांगा. पावतीवाल्यानं उघड्या डोळ्यांनी, काहीशा अंधुकपणे, भिंगोजीकडे पाहिलं.

"आता आठवत नाही, बाई," तो म्हणाला.

मग चष्म्याचं कारण धरता येणार नाही, असं बाईंनी सांगितलं. नजर कमी, अशी नोंद होणार, आणि नेमणूक कंत्राटाची असल्यानं सोमवारपासून यायची गरज नाही. पावतीवाला 'बरं' म्हणाला. चष्मा परत घ्यायला त्यानं हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला, कारण भिंगोजी चष्मा सोडत नव्हता.

आता खरं सांगायचं तर भिंगोजीला गप्प बसायचं होतं. अगदी मनापासून बसायचं होतं. फुली कुणाला दिसली नव्हती, दंड रद्द होणार होता, आणि एकतीस वर्षांत कमावलेलं एकच वाक्य त्याच्याकडे होतं, ते तो या खोलीत ठेवून जाणार होता काय? त्याला भीती वाटली, आणि भीती वाटल्याची लाज वाटली. पण समोरचा माणूस हात पुढे करून उभा होता. दोनदा दुकानात येऊन गेलेला, 'सदर इसम आंधळा आहे' हे बाकावर बसून ऐकलेला, आणि तरीही आठवत नाही म्हणणारा. त्याला त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

"लिहा, बाई," भिंगोजी म्हणाला. त्याचा आवाज गॅलरीपर्यंत गेला नाही. "दवाखान्याच्या रस्त्यावर, चपलांच्या दुकानाला लागून. दुकान माझं आहे."

"चूकही तुमचीच?" लिहिता लिहिता बाईंनी विचारलं.

"चूकही माझीच."

मग त्यानं खिशातला बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला, बाईंच्या टेबलावर रुमाल पसरला, दोन्ही काचा काढल्या, जागच्या जागी बसवल्या, खिडकीच्या गजांवर धरून नीट फिरवून घेतल्या. पाच मिनिटांचं काम. या पाच मिनिटांत तो एक अक्षर बोलला नाही, आणि इतका वेळ न बोलता त्यानं काम केल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. पावतीवाला पुन्हा गॅलरीतल्या खुर्चीवर बसला. त्यानं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, आणि शेवटी कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं.

बाईंनी त्याची नोकरी कायम ठेवली आणि तिथल्या तिथे निकाल लिहिला. नंबर वाचण्यात चूक झाली हे मान्य. मात्र सदर चूक तक्रारदारानं बनवलेल्या चष्म्यामुळे झाली, सबब चुकीला तक्रारदार स्वतः जबाबदार असून तक्रार फेटाळण्यात येत आहे, दंड कायम. करड्या गाडीबद्दल कुणीच काही बोललं नाही. अशा निकालावर एरवी भिंगोजीनं सहा पानं लिहिली असती. त्यानं तक्ता गुंडाळला, कॅलेंडर खिळ्यावर परत अडकवलं आणि खिडकीत जाऊन दंड भरला.

तो खाली आला तेव्हा पावतीवाला त्याच्या आधी जिना उतरून हिरव्या गाडीसमोर उभा होता. गाडीच्या डोक्यावर मनाईची पाटी होती, चांगली हातभर रुंद. सकाळी भिंगोजीच्या डोळ्यांत विजय होता, त्यात ती दिसली नव्हती. पावतीवाल्याच्या हातात पावतीपुस्तक होतं.

"शेठ, वर तुमचं नाव घेणं जिवावर आलं," तो संकोचून म्हणाला. "इथे मात्र घ्यावं लागतंय."

भिंगोजीनं पावती हातात घेतली आणि डोळ्यांजवळ नेली. चार, तीन, तीन, आठ. तारीख बरोबर, वेळ बरोबर, रस्ता बरोबर. त्यानं ती उलटीसुद्धा करून पाहिली. नगरपालिकेच्या कागदात एकतरी चूक सापडावी असं त्याला फार वाटत होतं.

"अक्षर जरा सुधारा," एवढंच तो म्हणाला आणि गाडीत बसला.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बायकोनं काय झालं ते विचारलं, आणि त्यानं सगळं सांगितलं, काहीही न गाळता, फुलीसकट. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं ती वही उघडली, शेवटचं लिहिलेलं पान काढलं, त्यातली शेवटची ओळ रेघ मारून खोडली आणि वही त्याच्यापुढे सरकवली. रेघेखाली लिहिलं होतं: पावतीवाले, गोल फ्रेम, कपाळ दुखतं, दोनदा आले. त्याच्या वर आणखी ओळी होत्या. शाळेतल्या बाई, फळ्यावरच्या ओळी वाकड्या दिसतात. बसचा ड्रायव्हर, रात्री दिवे फुटल्यासारखे दिसतात. भिंगोजी पानं मागे उलटत गेला. वाणसामान कुठेच नव्हतं. पहिल्या पानावर बारा वर्षांपूर्वीची तारीख होती आणि त्याखाली एक शिंपीण, सुईत दोरा ओवता येत नाही.

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस कधी?" त्यानं विचारलं.

"सांगत होते की, प्रत्येक वेळी," बायको म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, सवय होईल. मग मला झाली."